दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय उठायचं नाही

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं की ज्याला मनापासून हायसं वाटतं असा दुकानदार एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं नशीब. भांडुपला पश्चिमेकडे एका तीनमजली इमारतीच्या तळमजल्यावर मामांचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान होतं. डावीकडे पिठाची गिरणी, उजवीकडे मोबाइल दुरुस्तीवाला, आणि मध्ये मामा. लग्न ठरलं तेव्हा बायकोने मला तिथे नमस्काराला नेलं. मी वाकलो, तर आशीर्वाद देण्याआधी मामांनी विचारलं, "जावईबापू, घरी प्लेअर आसा?" मी नाही म्हणालो. मामांनी भाचीकडे असं काही बघितलं, की मुलाला नोकरी नाही हे तिने लपवून ठेवलं होतं असं मलाच वाटायला लागलं.

त्या दुकानातून रेकॉर्ड विकत घेणं हे पासपोर्ट काढण्यापेक्षा अवघड होतं. पासपोर्टाला निदान कागदपत्रं ठरलेली असतात. मामा आधी सुई मागत. म्हणजे गिऱ्हाइकाने आपल्या घरच्या प्लेअरची सुई काढून, कापसात गुंडाळून, भांडुपला आणून दाखवायची. मुलुंडचे एक निवृत्त बँक अधिकारी आपली सुई सोनाराच्या लाल मखमली डबीतून घेऊन आले होते. मामांनी भिंग लावलं, सुई उजेडात धरली, उलटसुलट केली आणि डबी बंद करून परत दिली. "साहेब, ही सुई नाय, खिळो आसा. ह्येच्यार कॅलेंडर लावा." साहेबांनी आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज फेटाळले होते, तो अनुभव खिडकीच्या दुसऱ्या बाजूने कसा लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढच्या आठवड्यात ते नवी सुई घेऊन हजर झाले. माणसाचा एकदा अपमान झाला की तो ग्राहक होतो, हे व्यापाराचं तत्त्व मामांना कोणत्याही कॉलेजात न जाता सापडलं होतं.

सुई पास झाली की पुढची पायरी. गल्ल्यामागे पत्र्याच्या पाटीवर मामांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं : दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय रेकॉर्ड मिळणार नाही. घेणाऱ्याने समोरच्या लोखंडी खुर्चीवर बसायचं, मामा रेकॉर्ड लावणार, पहिली बाजू पूर्ण, मग उलटून दुसरी बाजू पूर्ण. मध्येच उठायचं नाही. घड्याळ बघायचं नाही. मान डोलावली तर चालेल, पण तालात. एकदा समोरच्या हॉलमधून एक गृहस्थ सनईची रेकॉर्ड न्यायला धावत आले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. मामांनी खुर्ची दाखवली. अर्ध्या तासाने त्यांना शोधायला मेव्हणा आला, तर त्याला स्टूल मिळालं. शेवटी मुलीची आई शालू सावरत तावातावाने आली, तेव्हा दुसरी बाजू नुकतीच लागली होती. तीही पीठ दळायला आलेल्या बायकांच्या बाकावर टेकली. साखरपुडा तासभर उशिरा झाला आणि मुलाकडच्यांनी ते शेवटपर्यंत बोलून दाखवलं. मामांचं म्हणणं एवढंच होतं, की माणसं मुलगी द्यायच्या आधी सतरा चौकश्या करतात, मग मी एवढी एक चौकशी केली तर काय बिघडलं?

पण मामांची खरी कला होती ती कव्हरवरच्या शेऱ्यांत. दुकानात आलेली प्रत्येक रेकॉर्ड ते आधी स्वतः ऐकत आणि तिच्यातले गुणदोष कव्हरच्या मागे पेन्सिलीने, बारीक, ठाशीव अक्षरात लिहून ठेवत. धंद्यातले बाकीचे लोक ओरखडे लपवत. मामा ते जाहीर करत. 'पहिली बाजू उत्तम. दुसरी ऐकली नाही तरी चालेल, पण ऐकावी.' 'आधीच्या मालकांनी हिच्यावर भजी ठेवली होती.' 'गायकाने इथे घाई केली आहे. घरी काहीतरी असेल.' 'दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात अडकते. हलक्या हाताने पुढे सरकवावी. आपटू नये.' बोलताना मामा पक्के मालवणी, पण पेन्सिल हातात आली की त्यांची भाषा शाळेच्या हेडमास्तरांसारखी शुद्ध होई. आणि त्या हजारो कव्हरांवर एकही शेरा खोटा नव्हता. एखादी रेकॉर्ड खपावी म्हणून त्यांनी कधी 'ठीक' ला 'उत्तम' केलं नाही, आणि त्यामुळे ती खपलीही नाही.

घासाघीस करणाऱ्याचं मामांना ऐकूच येत नसे. "काका, जरा कमी करा ना," म्हटलं की मामा शांतपणे पंख्याकडे बघत. गिऱ्हाईक आवाज चढवी, मामा रेकॉर्ड पुसत. शेवटी गिऱ्हाईक दमून सांगितलेले पैसे ठेवी. मी बायकोला म्हणायचो, तुझ्या मामांसारखा बेरकी माणूस मी पाहिला नाही. हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या कौतुकाने बोललोय, की आज ते आठवलं की ओशाळल्यासारखं होतं.

मधल्या काळात जगाने गाणी खिशात घातली. घाटकोपरचं रेकॉर्डींचं दुकान गेलं, तिथे मोबाइलची कव्हरं आली. अंधेरीच्या जुन्या दुकानदार मित्राच्या जागी मोमोवाला उभा राहिला. बोरिवलीच्या दुकानाचं सलून झालं, आणि जिथे नाट्यगीतं वाजत तिथे लोक केस सरळ करून घ्यायला लागले. अशी बातमी ज्या दिवशी येई त्या दिवशी मामा दुकानात काही वाजवत नसत. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन जात आणि बंद झालेल्या दुकानाचा उरलेला माल घरी नातेवाईक आणावा तसा घेऊन येत. धंदा जसजसा बुडत गेला तसतसा मामांचा माल वाढत गेला. दुकानात शेवटी शेवटी मामा, लोखंडी खुर्ची आणि वारा यांपैकी कुठल्यातरी दोघांनाच जागा उरली होती.

मग अचानक रेकॉर्डींची फॅशन आली. दाढी राखलेली, महागडी फाटकी पँट घातलेली मुलं भांडुप शोधत येऊ लागली. त्यांच्याकडे सुई नव्हती, कारण प्लेअरच नव्हता. "फ्रेम करायचीय, अंकल," असं ती सांगत. एका मुलीने तर रेकॉर्ड बघितलीच नाही, मामांना सात वेळा धूळ फुंकायला लावून व्हिडिओ काढला आणि जाताना म्हणाली, "काय व्हाइब आहे यार इथे!" मामा म्हणाले, "त्येचे वेगळे पैसे नाय." तो व्हिडिओ म्हणे लाखो लोकांनी पाहिला. मामांच्या दुकानाला वाचवा, असं त्याखाली लोकांनी कळकळीने लिहिलं होतं. वाचवायला त्यांपैकी कोणी भांडुपला उतरलं नाही.

कारण वाचवायची वेळ खरोखरच आली होती. इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरच्या माणसाने तकतकीत कागदावर टॉवरचं चित्र दाखवलं. त्यात झाडं होती, कारंजं होतं, गोरी माणसं कुत्री फिरवत होती. रेकॉर्डीचं दुकान कुठेच नव्हतं. नवा गाळा मिळेल, पण टॉवर उभा राहिल्यावर. तोवर दुकान दोन महिन्यांत रिकामं करायचं होतं. मामांच्या घरी, म्हणजे वरच्या टेकडीवरच्या दोन खोल्यांत, अगोदरच कॉटखाली, माळ्यावर आणि देवघराच्या मागे रेकॉर्डी होत्या. एवढ्या रेकॉर्डींनी जायचं कुठे, हा एकच प्रश्न त्या दोन महिन्यांत मामांपुढे होता. झोप, जेवण, गुडघेदुखी, सगळं त्याच्या मागे गेलं.

तेवढ्यात अंधेरीहून कॅफे सजवणारा एक तरुण आला. सगळाच्या सगळा माल घ्यायला तयार. मामांचा चेहरा उजळला. मी त्या दिवशी तिथेच होतो. "वाजवतलंस काय?" मामांनी विचारलं. तो हसला. म्हणाला, "नाही अंकल, चिकटवणार. एक पूर्ण भिंत करायचीय. छतालाही थोड्या." मामांनी त्याला लोखंडी खुर्ची दाखवली आणि एक रेकॉर्ड लावली. तो पोरगा पहिल्या गाण्याला बसला, दुसऱ्या गाण्यात फोन बघत उठून बाहेर गेला, आणि मामांनी त्याच्यामागे दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अवो, देऊन टाका त्या मेल्याक! घरात पाय ठेवूक जागा नाय." मामा रेकॉर्ड कव्हरात घालत राहिले.

मग मामांनी जे केलं त्याला आमच्या सगळ्या नातेवाइकांत अजून 'वाटप' म्हणतात. रेकॉर्डी त्यांनी नात्यातल्या घरांत ठेवायला दिल्या, आणि माणसांचे स्वभाव बघून दिल्या. दहिसरच्या साडूंकडे नाट्यगीतं, कारण त्यांच्या घरात कोणीही बोललं तरी माडीपर्यंत ऐकू जातं. माहुलच्या मित्राकडे कोळीगीतं. पुतण्याकडे लावण्या, त्याच्या बायकोला न सांगता. आमच्या मुलुंडच्या घरी भावगीतांचे चार खोके आले, आणि दिवाणाखालच्या बॅगा बेघर झाल्या. अट एकच : महिन्यातून एकदा रेकॉर्ड वाजली पाहिजे, नाहीतर ती रुसते. प्लेअर कोणाकडेच नव्हता. त्यावर मामांनी उपाय काढला. दर रविवारी ते आपला छोटा प्लेअर भाजीच्या जाड कापडी पिशवीत घालून एकेका घरी जाऊ लागले. चहा घ्यायचा, रेकॉर्ड लावायची आणि घरातल्या सर्वांनी दोन्ही बाजू ऐकायच्या. दुकान गेलं होतं. पाटीवरचा नियम मामांनी बरोबर आणला होता.

नातेवाइकांचे धाबे दणाणले. रविवार म्हणजे मुंबईच्या माणसाचा झोपायचा दिवस. दहिसरचे साडू देवळात जायला लागले. आम्हीही काही थोर नव्हतो. शनिवारी मामांचा फोन आला की बायको सांगायची, "मामा, उद्या आम्ही बाहेर चाललोय हं." पलीकडून उत्तर यायचं, "बरां, येतंय." आणि मामा यायचे! एकदा मी फोन हातात घेऊन जवळजवळ ओरडलो, की आम्ही घरी नसणार. "जावईबापू, साखर कमी घाला," मामा म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चारला बेल वाजली. मी पुन्हा बायकोला म्हटलं, तुझा मामा म्हणजे नंबर एकचा बेरकी.

गेल्या श्रावणातली गोष्ट. मामा आले, पिशवी ठेवली, घाम पुसला आणि खोक्यातली एक रेकॉर्ड काढून लावली. पहिली बाजू झाली. दुसरी बाजू लागली. मामा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. तिसरं गाणं सुरू झालं, आणि दुसऱ्या कडव्यात रेकॉर्ड अडकली. अर्धी ओळ, पुन्हा तीच अर्धी ओळ, पुन्हा तीच. मी मामांकडे बघितलं. त्यांची बोटं मांडीवर चालतच होती. ओळ जागच्या जागी फिरत होती आणि मामा पुढे निघाले होते. कडवं संपल्याची मान त्यांनी बरोबर डोलावली, तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला नेहमीसारखी भुवई उचलली. बायको माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तीस वर्षं गिरणीच्या घरघरीशेजारी बसलेल्या माणसाचे कान कधी गेले, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. घासाघीस, पंखा, फोन, साखर, सगळं माझ्या डोक्यात एकदम जागेवर बसलं. मला स्वतःची लाज वाटली.

मी उठलो. कव्हर तिथेच पडलं होतं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात अडकते. हलक्या हाताने पुढे सरकवावी. आपटू नये. मी एका बोटाने सुईला जरासा धक्का दिला. गाणं पुढे गेलं आणि मी परत येऊन बसलो. मामांचं गाणं आमच्या आधी संपलं. त्यांनी डोळे उघडले, रेकॉर्ड अजून फिरतेय हे पाहिलं, आम्ही हललो नाही हेही पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून ते आमचं गाणं संपायची वाट बघत राहिले. बाजू संपली. मामांनी सुई उचलली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत विचारलं, "जावईबापू, खंय अडाकली नाय मां?"

मी मान हलवली. नाही मामा. सरळ गेली.

मामांनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्या मागच्या रबराने जुना शेरा सावकाश खोडला, कव्हरवरचा चुरा फुंकला आणि त्याच बारीक, ठाशीव अक्षरात खाली लिहिलं : 'मुलुंडला नीट वाजते.'

आता शनिवारी आम्ही मामांच्या फोनची वाट बघत नाही. बायकोच मामींना निरोप पाठवते, की उद्या घरी आहोत, मामांना पाठवा. मामा चारला येतात, साखर कमी असते, आणि आम्ही दोन्ही बाजू ऐकतो. ती रेकॉर्ड लागली की मी आधीच प्लेअरच्या जवळच्या खुर्चीवर बसतो. मामांच्या हजारो शेऱ्यांतला तेवढा एकच शेरा खोटा आहे, आणि तो आमच्या दिवाणाखाली आहे.