शनिवारचा तास

“पण तिथे उभं राहून तुम्ही करता काय, ते तरी सांगा.” सुनेने हे तिसऱ्यांदा विचारलं, तोवर भाजी खाली लागली होती.

सुनेला नोकरीत शनिवारी दुपारची पाळी मिळाली होती आणि चार वर्षांच्या नातीला कोणी बघायचं हा प्रश्न होता. पाच ते सहा सोडून दिवसभर सांभाळते, असं सासूबाईंनी सांगितलं होतं. भांडण त्या एका तासाचं होतं. मुलगा मधल्या दारात टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता, ना इकडचा ना तिकडचा. त्याला शनिवारी सुट्टी असे, पण ती झोपेची. त्या सुट्टीचा विषय कोणी काढलाच नव्हता.

सासूबाईंनी कपड्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं कॉलरी शिवल्या. सगळ्या त्यांना कॉलरमावशीच म्हणत. सात वर्षांपूर्वी दूरच्या एका देशात तशाच कारखान्याला आग लागली. बाहेरच्या दाराला कुलूप होतं. एकोणीस बायका गेल्या. तिथल्या शर्टांना जे लेबल लागायचं तेच इथल्या शर्टांना लागायचं, आणि कुलूप इथल्या दारालाही होतं. तेव्हापासून देशोदेशीच्या शिवणाऱ्या बायका शनिवारी एकाच वेळी, आपापल्या रस्त्यावर तासभर उभ्या राहू लागल्या. हातात पांढरं कापड, त्यावर गेलेल्या एकीचं नाव लाल दोऱ्याने शिवलेलं. तिसऱ्या वर्षी इथलं कुलूप निघालं. त्या दिवशी अकराजणी त्या दारातून उगाचच आत-बाहेर करत हसत सुटल्या होत्या.

मग एकीचे गुडघे गेले, दोघी गाव सोडून गेल्या, एक वारली, बाकीच्यांचं म्हणणं पडलं की आपलं दार उघडलं ना, झालं. वर्षभर कॉलरमावशी बस थांब्याजवळ एकट्याच उभ्या राहत होत्या. लोक त्यांना बसची वेळ विचारत. एकाने कापड केवढ्याला देणार असंही विचारलं होतं.

नवरा गेल्यावर देवापुढे हात जोडणं त्यांच्याकडून सुटलं होतं. पण पाच वाजता कापड उलगडलं की त्यांना आत शांत वाटे. या घटकेला कुठेतरी कोणीतरी असंच उभं आहे. ही एक गोष्ट त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती.

त्या एवढंच म्हणाल्या, “मी एकटी नसते. सगळ्या असतात.”

सून कामावर दिवसभर परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. ती बोलून गेली. “आई, तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. चार महिने झाले. तुम्ही पाचला जाता तेव्हा त्या सगळ्या उभ्या राहून घरी गेलेल्या असतात.”

कॉलरमावशींनी गॅस बंद केला. सुनेने भाजी उगाच ढवळली. त्या रात्री कोणी कोणाला वाढलं नाही, जो तो आपलं घेऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर देशोदेशीच्या बायकांच्या गटाला लिहिलं. इकडची भाषा तिकडे, तिकडची इकडे फोनच करून द्यायचा. घड्याळ पुढे करणाऱ्या देशातून लगेच माफी आली. दर उन्हाळ्यात तुमच्यासाठी दीडला उभ्या राहायचो, यंदा आमचे साडेबारा ते साडेबाराच राहिले हो, तुमचं लक्षातच आलं नाही. खाली सात लाल बदाम. कॉलरमावशींनी फोन पालथा ठेवला आणि नातीची वेणी घालायला घेतली. इतकी घट्ट घातली की ती रडली.

चार महिने, सतरा शनिवार. दोन शनिवारी तर अंगात ताप होता.

गुरुवारी एका तिसऱ्याच देशातून निरोप आला. तिकडेही घड्याळ हलत नाही. बाई काजांच्या मशीनवर काम करणारी. तिने लिहिलं होतं, ‘मलाही कोणी कळवलं नाही. मी जुन्याच वेळेला उभी राहत होते. वाटलं, सगळ्यांनी सोडलं. माझी पाळी त्याआधी सुटतही नाही.’ सोबत फोटो होता. बंद शटरसमोर एक बाई, पायात झिजलेल्या चपला, कापड छातीशी धरलेलं.

कॉलरमावशींनी फोटो बोटांनी मोठा केला. बाईचा चेहरा पाहिला, मग कापडाची कड पाहिली. “काजं करणारीच ही,” त्या स्वतःशीच म्हणाल्या, “सरळ शिलाई हिच्या बापाला जमायची नाही.” आणि एकट्याच खळखळून हसल्या. इतक्या की नात हातातलं टाकून बघायला आली. मग बराच वेळ त्या डोळे पुसत बसल्या.

रात्री ताटं मांडली. सून पडेल आवाजात सांगू लागली की आपण पाळी बदलून मागू, नाहीतर शेजारणीला विचारू. कॉलरमावशींनी तिच्या पानात भात वाढला.

“पाळी बदलू नकोस,” त्या म्हणाल्या. “शनिवारी मी चार ते सहा घरी नसेन. चारला सगळ्यांबरोबर उभी राहणार, पाचला त्या काजवालीबरोबर. छोटीला तिचा बाप बघेल, त्याला सुट्टी असते.”