मनगटावरची तार

शेजारचे जिभाऊ पहिल्यांदा आमच्या घरात आले ते हातात डिसमिस घेऊन. स्क्रू ड्रायव्हरला सुरतेत सगळे डिसमिसच म्हणतात. मी घरी बसून साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं काढून देते आणि त्या दिवशी माझा कॉम्प्युटर घरघर करून सारखा बंद पडत होता. जिभाऊंनी तो उघडला नाही की मला काही विचारलं नाही. डिसमिसचं टोक कॉम्प्युटरच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले आणि दुसऱ्या हाताने आम्हाला गप्प बसायची खूण केली. आम्ही घरातले सगळे चिडीचूप बसलो. या माणसाला मुळात ऐकूच येत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

“पंखा रडी ऱ्हायना,” ते म्हणाले. “बाकी सगळं बरं शे.” मग शिलाई मशीनचं तेल मागून त्यांनी पंख्यात दोन थेंब सोडले. पंखा रडायचा थांबला.

जिभाऊ अमळनेरकडचे. उभं आयुष्य इथल्याच भेस्तानच्या कापडाच्या लूमवर गेलं आणि त्या खडखडाटात कान गेले; हाडातून येणारी थरथर तेवढी कळायची. काम सुटल्यावर त्यांनी भंगारातून जुने कॉम्प्युटर आणायला सुरुवात केली. घरापुढच्या ओट्यावर गोणपाट अंथरून ते उघडायचे, एकाचा पंखा दुसऱ्याला, दुसऱ्याची डिस्क तिसऱ्याला. विकायचं नाव नाही. चालू झाला की शेजारच्यांना बोलावून दाखवायचे आणि पुन्हा खोलायचे. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, आणि ओरडूनही ते बहुतेक वेळा हसून मान हलवत. “मानूस नुसता तोंड हालावस,” ते म्हणत. “मशीन बोलस.”

त्यांच्या बायकोला, माईंना, हे सगळं पाठ होतं. “या मानूसले सरगमां धाडा,” त्या मला सांगत, “तठे बी झाकण उघडी दखी.” स्वर्गातही हा झाकणं उघडून बघेल, असं म्हणायच्या आणि त्यांच्यासाठी गोणपाट झटकून ठेवायच्या.

मग माईंची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घरी लावायला सांगितलं. खाटेशेजारी ते दिवसरात्र धडधडत असे आणि त्याची नळी माईंच्या नाकात. वीज गेली की मशीन बंद, आणि आमच्या गल्लीत वीज कधी जाईल याचा नेम नाही. बंद पडताना ते बारीक शिट्टी वाजवतं. ती शिट्टी जिभाऊंना ऐकू येणार नव्हती. घरात ते दोघंच. मुलगा बारडोलीला. आता जिभाऊही तिथेच असतात.

ते आठवडाभर खपले. कॉम्प्युटरच्या जुन्या यूपीएसला मोठी बॅटरी जोडली, तो तापू नये म्हणून त्यावर दोन पंखे बसवले. वीज गेली तरी मशीन चालू राहायला हवं, एवढं एक काम. पण बॅटरी किती पुरणार? म्हणून जुन्या मोबाईलमधली थरथरणारी मोटार काढून त्यांनी मनगटाच्या पट्टीत शिवली आणि लांब तारेने यूपीएसला जोडली. भिंतीतली वीज गेली की मनगट थरथरणार. तार पुरायची ती ओट्यापर्यंत. त्यानंतर जिभाऊ ओट्याच्या पलीकडे गेले नाहीत. भाजी मी आणायची, भंगार बंद.

एकदा ओट्यावर दाढी करताना मनगट थरथरलं आणि ते अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून आत पळाले. आम्ही मागून गेलो. मशीन धडधडत होतं. माई नळीतून श्वास घेत त्यांच्याकडे बघून हसत होत्या. “आरसा दखा,” त्या म्हणाल्या. जिभाऊंना ऐकू आलं नाही, पण ते हसले.

मग एका दुपारी मी ताक द्यायला गेले. सकाळपासून माईंना धाप लागत होती. जिभाऊ जमिनीवर बसले होते, डिसमिस मशीनला, मूठ कानामागे, डोळे मिटलेले. डोळे उघडल्यावर मला पाहून म्हणाले, “मशीन बरं शे.”

मी माईंकडे पाहिलं. हात लावून पाहिला. मला कळलं, आणि ते मलाच सांगायचं होतं. जिभाऊंशी ओरडून बोलायची माझी वर्षानुवर्षांची सवय. हे ओरडून कसं सांगणार? मी त्यांचा डिसमिस काढून बाजूला ठेवला आणि त्यांचा तळवा माईंच्या छातीवर टेकवला. त्यांनी डोळे मिटले. मला रडू आलं नाही. ताकाचा तांब्या कुठे ठेवू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळपर्यंत मुलगा आला, गल्ली जमली. पुरुषांनी जिभाऊंना ओट्यावर नेऊन बसवलं. मशीन चालूच होतं, नळीतून फुसफुस येत होती. समोरच्या बेन म्हणाल्या, “हवे बंध करी दो ने.” कुणीतरी भिंतीवरचं बटण दाबलं.

मशीन थांबलं नाही. ते बॅटरीवर गेलं. आणि जिभाऊ माणसांना ढकलत आत आले. माईंकडे त्यांनी पाहिलं नाही. खाली बसले, डिसमिस टेकवला, हाताने आम्हाला गप्प बसायची खूण केली. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या.

“चालू शे,” ते म्हणाले. मग उठून त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. कुणी अडवलं नाही.

माईंना उचललं तेव्हा जिभाऊ ओट्यापर्यंत आले आणि थांबले. तार संपली होती. मुलगा पट्टी सोडायला पुढे झाला, त्यांनी हात मागे घेतला. स्वतःच पट्टी सोडली, बायकांमध्ये मला शोधलं आणि माझ्या मनगटावर घट्ट बांधली.

“दखजो,” एवढंच म्हणाले, आणि माईंच्या मागे गेले.

मी रिकाम्या खाटेशेजारी बसून राहिले. मला काहीच वाटत नव्हतं. मशीन बरं होतं.