जवळ्याच्या गोणीतल्या करवंट्या

करवंट्या मी साबणाने धुतल्या. नुसत्या धुतल्या नाहीत, काथ्याने घासल्या, गरम पाण्यातून काढल्या आणि अंगणात पालथ्या घालून वाळवल्या. मुलगी पुण्याला संशोधन करते, तिच्या प्रयोगासाठी त्या हव्या होत्या. घरची वस्तू विज्ञानाच्या दारात जाणार, तर ती स्वच्छ जावी, एवढाच माझा हेतू. एरवी मी घासलेली भांडी बायको पुन्हा घासते. करवंट्यांना तिने हात लावला नाही, म्हणून मी जरा फुशारलोही होतो.

वासाच्या बाबतीत मी आधीपासूनच हळवा. बायकोचं माहेर समुद्रकाठच्या झाईचं. मुलगी निघाली की ती बॅगेत सुक्या जवळ्याची पुडी भरायची, आणि होस्टेलात पोरीला कोणी नाक मुरडू नये म्हणून मी ती गुपचूप काढून घ्यायचो.

मुलीचं काम मला कळलं तेवढं सांगतो. फ्युएल सेल म्हणजे एक पेटी. एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. दोघांचं जमलं की वीज मिळते, मागे उरतं पाणी. पण ऑक्सिजन हा व्याह्यांकडचा पाहुणा, आग्रह झाल्याशिवाय पानावर बसत नाही. तो आग्रह करायला प्लॅटिनम लागतं, आणि त्याच्या किमतीमुळे ती पेटी साध्या माणसाच्या दारापर्यंत येत नाही. मी तलासरीच्या एका शाळेत कारकून आहे. वीज गेली की पाड्यावरची मुलं अभ्यास कसा करतात ते मला दिसतं. मुलगी त्यांच्यातच शिकली. प्लॅटिनमचं काम करवंटीचा कोळसा आणि चिमूटभर लोखंड यांच्याकडून करून घ्यायचं, हा तिचा ध्यास.

पहिल्या करवंट्या बायकोने पाठवल्या होत्या. त्यांच्या कोळशाची पूड उत्तम चालली. मुलीने शास्त्रज्ञांच्या सभेत उभं राहून सांगितलं की करवंटी आणि लोखंड, बाकी काही लागत नाही. मी ही बातमी बोर्डीच्या एसटी थांब्यावर, न विचारणाऱ्यांनाही सांगितली.

मग माझ्या धुतलेल्या करवंट्या गेल्या आणि पूड चालेना. तिने भट्टी बदलून पाहिली, लोखंड कमीजास्त करून पाहिलं. शेवटी तिच्या मार्गदर्शक सरांनी हळूच सुचवलं, पहिले आकडे नीट तपासून बघ. तिला त्यात ऐकू आलं ते वेगळंच. सुट्टीला घरी आली तेव्हा ती पानावरून अर्धी भाकरी टाकून उठायची. खोटारडी ठरण्याची भीती माणसाला किती बारीक करते, ते मी तेव्हा पाहिलं.

निघायच्या आदल्या दुपारी तिने आणखी करवंट्या मागितल्या. बायकोने मागच्या पडवीतून गोणी ओढत आणली. मी म्हटलं, थांब, धुऊन देतो. तोवर मुलीने आत हात घातला होता. हात बाहेर आला तो मिठाने खरबरीत, बोटांना जवळ्याच्या मिशा चिकटलेल्या.

“आई, पहिल्या करवंट्या यातल्याच?”

“मग कुठल्या? जवळा संपला की गोणी काय फेकून देऊ?”

पहिल्या वेळी वास आला असणारच. पण आमच्या घरून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो येतो, तिला वेगळा वाटला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी साबणाचं सांगितलं, काथ्याचंही. सांगता सांगता आवाज खाली गेला.

मग तिने समजावलं. लोखंडाला कोळशात धरून ठेवायला नायट्रोजन लागतो. पहिल्या पुडीत तो दिसला होता, तिने तो करवंटीचाच धरला. तो होता जवळ्याचा. मिठाने कोळशाला बारीक भोकं पाडली होती, तिथून हवा आत शिरत होती. मी दोन्ही धुऊन टाकलं होतं.

मला वाटलं, सुटलो. ती मात्र भिंतीला टेकून बसली.

“म्हणजे सभेत मी चुकीचं सांगितलं, बाबा.”

मी शहाणपणा केला. म्हटलं, आता नवं सांग, जुनं कोण लक्षात ठेवतं.

“माझं ऐकून कोणीतरी नुसत्या करवंट्या जाळत बसलं असेल. त्याचं काय?”



परत जाऊन तिने दोन्ही प्रकारची पूड केली, एक स्वच्छ करवंटीची, एक मीठ आणि जवळा घातलेली. दुसरी चालली. पहिल्या वेळेइतकी नाही, पण जवळपास. पुढच्या सभेत तिने आधी आपली चूक सांगितली, मग बाकीचं. त्या संध्याकाळी फोन आला. कोणीतरी विचारलं म्हणे, जवळा आला कुठून? ती म्हणाली, आईच्या गोणीतून.

“हसले का गं?” मी विचारलं.

“हसले. मग लिहून घेतलं.”

मी फोन ठेवला. बायको ताटं मांडत होती.

“आता तिच्या बॅगेत जवळा भरला की तो काढायचा नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं काढत होतात, मला माहीत आहे.”