म्हात्रेबाईंचा चौथीचा ब्लॉग

बातमी शाळेच्या ग्रुपवर आली. तिच्या वरचा मेसेज पोषण आहाराच्या तांदळाचा होता आणि खालचा, कुणाकुणाची माहिती ॲपवर भरायची राहिलीय त्याचा. मध्ये एवढंच... ‘म्हात्रेबाई पहाटे गेल्या.’ मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला, जराशी उभी राहिले आणि पुन्हा पेटवला, कारण डबे द्यायचेच होते. याला आता महिना होऊन गेला. बाई कशा होत्या ते लिहून द्या, असं पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आता हेही भरायचं का? शिक्षकाला दुःख करायलासुद्धा वेगळा तास मिळत नाही.

रंजना म्हात्रे आमच्या उलव्याच्या शाळेत चौथीला शिकवायची. मी तिसरीला. आमच्या वर्गांमध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे तिचा वर्ग हसला की माझा वर्ग विनाकारण हसायचा. ती इथलीच, आगरी घरातली. तिचं गाव विमानतळात गेलं आणि ती चौथ्या मजल्यावर राहायला आली. मी साताऱ्याकडची. वर्गात ती पुस्तकातलं बोलायची, माझ्याशी मात्र घरचं. कुणीतरी शाळेला दोन टॅब भेट दिले होते, ते मुख्याध्यापकांनी कपाटात कुलूपबंद ठेवले होते, खराब होऊ नयेत म्हणून. रंजनाने ते मागून घेतले आणि चौथीचा ब्लॉग काढला. म्हणजे काय, तर इंटरनेटवरची एक वही, मुलांनी लिहायचं आणि सगळ्यांनी वाचायचं. मी म्हटलं, “अगं, यांना सरळ ओळ लिहिता येत नाही, ब्लॉग कसला काढतेस?” ती म्हणाली, “म्हनूनच तं काढतंय.”

तिची पद्धत एकच होती. मुलाने लिहिलं की त्याखाली ती एक प्रश्न टाकायची. शाबासकी नाही, लाल रेघ नाही, फक्त प्रश्न. त्याचं उत्तर मुलाने खाली लिहायचं. साहिल नावाच्या मुलाने लिहिलं होतं, ‘आमच्या घरी मांजर आहे. मला मांजर फार आवडते.’ संपलं. तिने विचारलं, ‘मांजर कुठे झोपते?’ दुसऱ्या दिवशी त्याने टॅबवर एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘बाबांच्या जुन्या हेल्मेटात झोपते. बाबा न्हावा शेव्याला यार्डात काम करतात. घरी आले की तिला उठवत नाहीत. म्हणतात झोपू दे, मी पण दमलोय.’ हे मी स्टाफरूममध्ये वाचलं आणि चहा तसाच गार झाला. इतकी वर्षं मी ‘माझा आवडता प्राणी’ तपासत आले होते, पण त्यात कुणाचा बाप कधी दमलेला नव्हता. चुका का काढत नाहीस, असं विचारलं तर रंजना म्हणाली, “चुका काढल्या की पोर गप बसतं. इचारलं की बोलतं. मना गप पोरं नको.”

मग पालकांच्या ग्रुपवर ब्लॉगची लिंक गेली आणि घोळ झाला. सगळं जग वाचणार म्हटल्यावर आयाबापांनी पदर खोचले. मुलांचं लिखाण अचानक सुंदर झालं. ‘निसर्ग हा आपला खरा गुरू आहे’ वगैरे. कुणी ट्यूशनच्या बाईंकडून लिहून आणलं, कुणी गावच्या काकांकडून. रंजनाने नेहमीप्रमाणे खाली विचारलं, ‘गुरूने तुला काय शिकवलं?’ पोर म्हणालं, “थांबा मॅडम, पप्पांना विचारून सांगतो.” पालकसभेत ती शांतपणे म्हणाली, “ज्या पप्पांना लिहायची हौस आहे त्यांनी सोमवारपासून चौथीत येऊन बसा. तिसऱ्या बाकावर जागा आहे.” बायका पदरात हसल्या, पप्पा भिंतीकडे बघत बसले. तेव्हापासून लिहायचं ते वर्गातच, असं ठरलं.

पण वर्गात लिहिलं की पोरं खरं लिहितात, आणि खरं सगळ्यांना झेपत नाही. एका मुलीने लिहिलं, ‘आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नाहीत. मी निरोप सांगते.’ सोसायटीत सगळ्यांनी ते वाचलं. बाप तणतणत शाळेत आला. शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली, ब्लॉग बंद करा म्हणाले. रंजनाने ती नोंद काढून टाकली, बापाची माफी मागितली आणि म्हणाली, “इथून पुढे प्रत्येक ओळ मी आधी वाचीन. मी मंजूर केल्याशिवाय काही दिसणार नाही. पण बंद करू नका.” समितीला काय, दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं कुणालाही हलकंच वाटतं. ते हो म्हणाले. आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळ तिची त्यात जाऊ लागली.

त्यातच मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले होते. एक हात सुया लावून निपचित ठेवलेला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बाई मोबाइलवर प्रश्न टाकतायत. मी चिडलेच. म्हटलं, “जरा डोळे मीट ना, काय पळून चाललंय?” ती म्हणाली, “पोरानं दुपारी लिवलंय गो. कवाचा वाट बघतोय तो.” मग म्हणाली, “मंजुरीचं तुझ्या मोबाइलवर पन चालू करून देते. म्हंजे मी नसले तं...” मी म्हटलं, मला नको ते लचांड, माझ्या तिसरीला अजून जोडाक्षरं झेपत नाहीत. तिने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि माझा मोबाइल मागून घेतला. मी दिला. तिच्याशी वाद घालण्याएवढं बळ तेव्हा दोघींतही नव्हतं.

ती गेली त्या दिवशी शाळा लवकर सोडली. मुख्याध्यापकांनी चौथीला सांगितलं, आपल्या बाईंना ब्लॉगवर श्रद्धांजली वाहा, या वेळी घरून लिहिलं तरी चालेल. शोकसभा व्हायच्या आतच माझ्या मोबाइलवर मंजुरीसाठी रांग लागली. ‘मॅडम फार प्रेमळ होत्या’, ‘ईश्वर मॅडमच्या आत्म्यास शांती देवो’. पुन्हा पप्पा चौथीत येऊन बसले होते. त्यात आर्याचं आलं. गावठाणातली मुलगी, आजीजवळ राहते. तिने लिहिलं होतं, ‘मॅडम वारल्या. शाळा लवकर सुटली. मला आनंद झाला. घरी गेल्यावर आनंद नाही राहिला.’

शोकसभेला मुख्याध्यापकांनी ते माझ्या मोबाइलवर वाचलं आणि म्हणाले, “शिंदेबाई, एवढं एक गाळा. आनंद झाला हे बरं नाही दिसत. पुन्हा समिती ओरडेल, आणि तसंही आता हे सगळं बघणार कोण?” माणूस वाईट नाही, थकलेलाच आहे, माझ्यासारखा. तो म्हणतो त्यात खोटं काहीच नव्हतं. ते एक गाळलं असतं तर ब्लॉग तिथेच गुपचूप मिटला असता, आणि मला संध्याकाळी निवांत पडता आलं असतं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. घरी गेले, कुकर लावला, आणि शिट्ट्या होईपर्यंत ते आर्याचं मंजूर केलं. फक्त तेच. मग त्याखाली विचारलं, ‘घरी गेल्यावर काय झालं?’ बोटांना सवय नव्हती, दोनदा खोडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचं उत्तर आलं. ‘आजी रोज विचारते, आज मॅडमनी काय इचारलं गो? त्या दिवशी पण विचारलं. मी सांगितलं, आज काहीच नाही विचारलं.’