चाच्यांनी पळवलेली रजा

काय सांगू तुम्हाला, फजिती व्हायला माणसाला घराबाहेर तरी पडावं लागतं असा माझा समज होता. मी ती सोफ्यावर पडल्या पडल्या करून घेतली!

झालं असं की ऑफिसात मान मोडून काम करून मी पार पिचलो होतो. बीपी वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, घरी स्वस्थ पडा. म्हणून रजा टाकली. बायको, शैला, शाळेत शिकवते. ती सकाळी निघताना बजावून गेली, "झोप काढ. टीव्हीवरच्या बातम्या बघत बसू नकोस."

ती जिना उतरली आणि मी बातम्या लावल्या.

तेव्हा सोमालियाच्या समुद्रात चाचे जहाजं पळवत होते, आठवतंय ना? त्या दिवशीही एक पळवलेलं. त्यावर आपले भारतीय खलाशी! तेच जहाज, तोच लाल बाण, तीच किंचाळणारी निवेदिका. दुपारपर्यंत मी इतका थकलो, की जणू ते जहाज मीच वल्हवत होतो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ताराबाई, आमची नेहमीची कोळीण. उरणजवळच्या मोऱ्याहून एसटीनं पनवेलला येते. टोपली टेकवून म्हणाली, "भाऊ, तुमच्या फोनवरना माज्या पोराला जरा फोन लावा ना. माज्यातलं बॅलन्स संपलंय. सांजच्याला बर्फ आनायला सांगायचंय."

मी नंबर फिरवला. कव्हरेजच्या बाहेर.

"लागत नाही गं."

"नाय लागायचा. बोटीवर हाय ना तो."

बोटीवर! मी वळून टीव्ही बघितला आणि धावत जाऊन बंद केला. आता तुम्हीच सांगा, असं केल्यावर कुठल्या आईला संशय येणार नाही?

"काय वो भाऊ? टीवी कशाला बंद केलीत?"

"काही नाही. तू बस. पाणी पी. धीर धर."

"कशाला धीर धरू?"

"हे बघ मावशी, ते मारत नाहीत. पैसे घेतात आणि सोडतात."

"कोन?"

"चाचे."

"कोन चाचा? धक्क्यावरचा? त्यानं माज्या पोराला धरलंय?"

"एक चाचा नाही गं, पुष्कळ आहेत! बंदुका घेऊन आलेत!"

झालं! बाईनं असा काही हंबरडा फोडला, की समोरच्या कुलकर्णी वहिनी पोळी लाटायचं लाटणं घेऊनच धावत आल्या. मी त्यांना हलक्या आवाजात सांगितलं, "हिचा मुलगा त्या जहाजावर आहे." वहिनींचे डोळे भरले. त्यांनी साखरपाणी आणलं, ताराबाईला जवळ घेतलं. मग दोघीही रडायला लागल्या. आणि मी? मीही डोळे पुसत होतो हो! त्या बाईचं रडणं बघवत नव्हतं.

"लावा, पुन्ना लावा फोन," ती म्हणाली.

मी लावला. आणि रिंग वाजली!

"हॅलो, कोन?" मागे इंजिनाची धडधड, माणसांचा गलका.

"बाळा, तू सुखरूप आहेस ना? चाचे जवळच आहेत का? नुसतं हो-नाही बोल!"

"कोन चाचे? काका, भाऊच्या धक्क्याला लागलीय बोट, मानसं उतरतायत. मी तिकटं फाडतो हितं. तुमाला मोऱ्याला यायचंय काय?"

मोरा ते भाऊचा धक्का! तासाभराची लाँच!

मी फोन ताराबाईच्या हातात दिला. ती आधी पोराशी रडत बोलली, मग त्याच्यावरच ओरडली, मग शांत झाली. पदरानं तोंड पुसलं. माझ्याकडे एकदा बघितलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. टोपली उचलून ती निघाली. वहिनीही लाटणं घेऊन गेल्या.

जिन्यात तिला शाळेतून येणारी शैला भेटली. दाराआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"का गं ताराबाई, उद्या पापलेट आणशील ना?"

"आनीन की ताई. पन भाऊंची रजा संपू द्या आदी."