समुद्रापलीकडच्या सिस्टर

"पावणं, आधी पाय दाखवा."

समोर कुणीही असो, सिस्टर त्याला बघायला सुरुवात करायच्या ती खालून. कोल्हापुरात माझं औषधांचं दुकान आहे. शुगरच्या गोळ्या न्यायला कुणी आलं, की बाकावर बसलेल्या सिस्टर त्याला चप्पल काढायला लावत. एकदा माझे साडू लग्नाची पत्रिका द्यायला आले, तर त्यांचेही बूट-मोजे उतरवले. साडू रुसले. पण टाचेत काचेचा तुकडा निघाला आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"शुगर झाली की पायाला कळायचं बंद हुतंय," सिस्टर म्हणाल्या. "मग डोळ्यांनी बघायचं की."

असं परक्याच्या दुखण्यात हक्कानं शिरणारं माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिलं असेल. सिस्टर मूळच्या गडहिंग्लजकडच्या. लग्न केलं नाही. बरीच वर्षं त्या पॅसिफिक समुद्रातल्या एका बेटावर नर्स होत्या. मासे आणि नारळ खाऊन जगणारी तिथली माणसं जहाजातून येणाऱ्या डबाबंद खाण्यावर आली आणि घरोघरी शुगर शिरली. पाय कापायची पाळी येऊ लागली. एका मोठ्या देशानं त्या भागातल्या चार-पाच बेटराष्ट्रांसाठी मिळून पैसा दिला. त्यातून दवाखाना निघाला, बेटाबेटांवर नर्स नेणारी बोट आली. सिस्टरांनी तिथल्या मुलींना जखमा धुवायला, बांधायला शिकवलं.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या रजेवर कोल्हापुरात आल्या होत्या. तेवढ्यात मोबाईलवर मेल आला.

"भाऊ, नीट वाचा जरा. माझंच काय तर चुकत आसंल."

त्यांचं चुकत नव्हतं. त्या मोठ्या देशानं मदत थांबवली होती. दवाखाना बंद, परत येऊ नये. शेवटी आभार मानले होते.

"कपडे ऱ्हाऊ देत तिकडं," त्या म्हणाल्या, "पण जखमा अर्ध्यावर ऱ्हायल्या की वो."

इथल्या एका हॉस्पिटलात त्यांना दुपारपाळीची नोकरी मिळाली. सकाळी मात्र त्या माझ्या बाकावर फोन घेऊन बसत. पलीकडून लिसी, त्यांनी शिकवलेली मुलगी, व्हिडिओवर एकेक पाय दाखवायची. सिस्टर गडहिंग्लजी इंग्रजीत तिला ओरडायच्या. जखमेवर ठेवायचा गॉज संपला तेव्हा जुनं सुती कापड उकळून, वाळवून कसं वापरायचं, ते त्यांनी माझ्या दुकानातलं फडकं हातात घेऊन दाखवलं.

त्या पेशंटांतली एक शाळामास्तरीण होती. चर्चमध्ये गायची म्हणे. तिचा अंगठा काळा पडला. मोठ्या बेटावरच्या हॉस्पिटलात न्यायला हवं होतं आणि बोट डिझेलवाचून धक्क्याला बांधलेली. मदतीचं काम बघणाऱ्या पूर्वीच्या परदेशी साहेबाला सिस्टरांनी फोन लावला.

"सर, वन बोट. ओन्ली वन बोट."

साहेब भला माणूस असावा. बराच वेळ बोलला. त्याचीही नोकरी गेली होती.

शेवटी गावकऱ्यांनी तिला मासेमारीच्या होडीतून नेलं. समुद्र खवळलेला, वाटेत फार वेळ गेला. मांडीपासून पाय कापला, तरी ती वाचली नाही. लिसी सांगताना रडत होती. सिस्टरांनी फोन काउंटरवर पालथा ठेवला.

"भाऊ, ती औषधाला घाबरायची. मीच म्हटलंतं तिला, भिऊ नको, आमी हाय. तिच्या भाषंत म्हटलंतं."

गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो, आणि उठता आलं याचं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा बाकावर होत्या. लिसीला ओरडत होत्या, पण आवाज खाली आला होता.

पावसाळ्यात त्यांना ताप आला. दुसऱ्याला दटावणाऱ्या सिस्टरांनी स्वतःचा ताप मात्र अंगावर काढला. डेंगी निघाला, प्लेटलेट उतरत गेल्या आणि त्या हॉस्पिटलातून परत आल्या नाहीत. लिसीला मीच कळवलं. पलीकडून नुसता वाऱ्याचा आवाज येत राहिला.

माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी बसलो होतो. सिस्टरांचा फोन वाजला, व्हिडिओवर लिसी होती. मी तो तांब्याला टेकवून आईंसमोर ठेवला. पलीकडे नारळीची झाडं, एक छोटं चर्च आणि पांढऱ्या कपड्यातल्या बायका. कुणी काठीवर, कुणी कुबड्यांवर, कुणी लिसीच्या खांद्यावर रेललेली. त्या गाऊ लागल्या. मधेच चित्र थांबायचं, आवाज तुटायचा, परत जुळायचा.

आईंनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कुठल्या गावच्या ह्या?"

"लांबच्या हायत, आई. सिस्टरांनी पाय बघितलेल्या."

आईंनी मान फोनजवळ नेली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "बसा म्हणा की त्यास्नी. उनात हुब्या हायती."

मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. लिसीनं त्यांच्या भाषेत पुढे सांगितलं. कुबड्या बाजूला ठेवत, एकमेकींचा हात धरत, एकेक जण वाळूवर बसली. आणि बसून पुन्हा गाऊ लागली.