धुरपताबाईंच्या हातचा माल

शहापूरला हायवेला लागून भैय्यालाल ऑटो पार्ट्सचं एकच लहानसं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. नवरा गेल्यावर धुरपताबाई तिथे झाडलोटीला लागल्या. नवरा ट्रॅक्टरचा मिस्त्री. त्याला पाने नि पार्ट देता देता बाई बारा वर्षांत पुष्कळ शिकल्या होत्या. महिनाभरात ते भैय्यालालच्या लक्षात आलं. त्याने बाईंना झाडू ठेवायला लावला आणि काउंटरवर उभं केलं.

शेतकरी तुटलेला पार्ट फडक्यात बांधून आणायचे. बाई उलटसुलट करून पाहायच्या आणि कधीकधी सरळ सांगायच्या, "आमच्याकडचा तुमच्या गाडीले नाही बसनार, भाऊ. समोरच्या दुकानात पाहा." गिऱ्हाईक बाहेर पाठवणारी ही बाई भैय्यालालला आधी खटकली. पण ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेला पुन्हा बाईंनाच शोधत यायचं. मग त्याने बाईंना तसंच करू दिलं.

लोकांचा हा भरवसा नेमका हेरला तो त्याच्या मुलाने, अमरने. मोहाडी, तुमसर, साकोली, लाखांदूर, एकामागून एक दुकानं निघाली. नवं दुकान उघडलं की पहिले तीन महिने तिथे धुरपताबाई. लोकांना सवय लागली की कॉम्प्युटरवर दुसरा माणूस बसायचा आणि बाई पुढच्या गावी. एसटीने जाणं, एसटीने येणं, हातात डबा. प्रत्येक दुकानाच्या पाटीवर बाईंचा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत ‘धुरपताबाईंच्या हातचा माल’. लाखांदूरच्या दुकानात अमरने बाईंच्या मुलाला, कुंदनला, मॅनेजर केलं. बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

सात दुकानं झाली, त्या साली बाई पुन्हा शहापूरला होत्या. ब्रेकच्या लायनरची नवी पेटी आली. आतले डबे नेहमीच्याच कंपनीचे, छपाई तीच. बाईंनी एक लायनर काढून नखाने घासला, तर भुकटी हातात आली. त्या तो घेऊन अमरकडे गेल्या.

"अमर, हा माल असली नोहे."

"मावशी, सात दुकानं चालवाची आहेत. सगळीकडं हाच चालून राहिला."

"ब्रेकची गोष्ट आहे, बाबू."

अमरने मोबाइलवरून मान वर केली नाही. "कुंदन कसा आहे लाखांदूरले? खुश आहे ना?"

बाई काय समजायचं ते समजल्या. ती पेटी खालच्या फळीवर सरकवून त्या जुना माल देत राहिल्या. जुना माल पंधरा दिवसांत संपला.

मग करडी गावचा डोमा आला. स्वतःच्या ट्रॅक्टरवर लोकांचं धान वाहायचा. गेली दहा वर्षं पार्ट घ्यायचा तो बाईंकडूनच. लायनर मागितले. बाई फळीपाशी घुटमळल्या.

"समोरून घेतोस काय या बारीले?"

डोमा हसला. "कायले, मावशी? तू देशीन तो घेतो."

अमर आतून पाहत होता. बाईंनी नव्या पेटीतला डबा काउंटरवर ठेवला.

दहाव्या दिवशी धानाची पोती भरलेली ट्रॉली घेऊन डोमा कालव्याच्या बांधावरून उतरत होता. ब्रेक लागला नाही. ट्रॅक्टर उलटला आणि डोमाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तो घरी आल्यावर बाई करडीला गेल्या. डोमा खाटेवर पडून होता. त्याच्या बायकोने, रीताने, चहा दिला. डोमाच बोलू लागला, "माहाच अंदाज चुकला उतारावर. ब्रेक तर नवे होते. तुह्या हातचा माल दगा थोडी देते?"

बाईंनी कप बशीत ठेवला. हा माणूस स्वतःलाच दोष देत होता. त्या मान खाली घालून बोलल्या, "डोमा, तो माल खोटा होता. मले माहीत होतं."

डोमाने भिंतीकडे तोंड केलं. रीता पुढे आली, बाईंच्या हातातली अर्धी भरलेली कपबशी तिने काढून घेतली आणि अंगणात उपडी केली. बाई उठल्या. दारापर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काम सोडलं. कुंदनचा फोन आला. "आई, तुले बोलाची काय गरज होती? माहं काय होईन, याचा विचार केला काय?"

"केला, म्हनूनच इतके दिवस मुकी राहिली," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

डोमाने दुकानाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. साक्ष द्यायची म्हणून बाईंनी काम सोडताना उरलेल्या लायनरचा एक जोड घरी आणून ठेवला होता. तारीख कधी निघते, याची वाट पाहत राहिल्या. चार महिन्यांनी गावातून कळलं की डोमाने तक्रार मागे घेतली. करडीला भैय्यालाल ऑटोचं आठवं दुकान निघालं होतं, आणि दाराशी खुर्चीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करत, डोमा बसला होता. पगारावर.

बाई एकदाच त्या दुकानासमोरून गेल्या. डोमाने त्यांना पाहिलं. त्याचा हात सवयीने रामरामासाठी वर आला आणि मध्येच थांबला. बाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि एसटीच्या थांब्याकडे चालत राहिल्या.